विरळ वस्तीचा मुलूख पाहायचा तर कोणता? बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या प्रवाशांसाठी तुलनात्मक आढावा

बेळगाव जिल्ह्याचे क्षेत्रफळ १३,४१५ चौरस किलोमीटर आहे. हिमाचल प्रदेशातील लाहौल-स्पिती जिल्ह्याचे क्षेत्रफळ त्याहून किंचित अधिक, म्हणजे सुमारे १३,८०० चौरस किलोमीटर भरते. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात ४७,७९,६६१ माणसे मोजली गेली आणि लाहौल-स्पितीत ३१,५६४. साधारण तेवढ्याच भूमीवर आपल्याकडे दीडशे पट माणसे राहतात, असा याचा अर्थ होतो. गणपतीच्या दिवसांत खडेबाजारातून चालताना जी दाटी होते, तिला कंटाळून कोणी माणसे कमी असलेल्या ठिकाणाची चौकशी करू लागला, तर त्यात नवल नाही. अशा चौकश्या अलीकडे वाढल्या आहेत आणि त्यांना बहुतेक वेळा ‘लडाखला जा’ एवढेच उत्तर मिळते. ते उत्तर सर्वांसाठी योग्य नाही, म्हणून हा आढावा.

निवडीसाठी पुढे येणारे प्रदेश साधारण सहा आहेत: लडाख, लाहौल-स्पिती, अरुणाचल प्रदेशातील दिबांग खोरे, कच्छचे रण, जैसलमेरचा वाळवंटी पट्टा आणि निकोबार बेटे. २०११ मध्ये देशात दर चौरस किलोमीटरला सरासरी ३८२ माणसे होती, कर्नाटकात ३१९ आणि बेळगाव जिल्ह्यात ३५६. त्या मानाने लडाखमधील लेह जिल्ह्यात ३, लाहौल-स्पितीत २, दिबांग खोऱ्यात १, जैसलमेरात १७, निकोबारात २० आणि कच्छमध्ये ४६ असे आकडे मिळतात. हे आकडे जुने आहेत, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची २०२७ ची आहे आणि तिची संदर्भ तारीख देशभर १ मार्च २०२७ असली, तरी लडाख आणि हिमाचलातील बर्फाळ भागांसाठी ती १ ऑक्टोबर २०२६ ठेवण्यात आली आहे. मार्चमध्ये जिथे गणकही पोहोचू शकत नाही, तिथे पर्यटकाने कधी जावे याचा अंदाज एवढ्यावरूनही बांधता येतो.

मात्र केवळ घनतेच्या आकड्यावर निवड करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. वस्ती कशामुळे विरळ राहिली, हे आधी विचारले पाहिजे. लडाख आणि स्पितीत उंची, थंडी आणि कोरडेपणा यांमुळे माणसे कमी आहेत; दिबांगमध्ये पाऊस, जंगल आणि ढासळणारे डोंगर यांमुळे; रणात मिठामुळे, जैसलमेरकडच्या थर वाळवंटात पाण्यावाचून आणि निकोबारात समुद्र व कायदा या दोहोंमुळे. ज्या कारणाने तिथे माणूस राहिला नाही, तेच कारण प्रवाशाच्या शरीरावर, खिशावर आणि रजेच्या दिवसांवर आपला हिशेब मांडते.

लेह आणि काझा: उंची एकच, वाट वेगळी

लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे आणि स्पितीचे मुख्य गाव काझा सुमारे ३,६५० मीटरवर. बेळगाव शहर साडेसातशे मीटरवर असल्याने दोन्ही ठिकाणे आपल्या शरीराला सारखीच परकी आहेत. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश उरतो आणि प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी मिळतो. फरक आहे तो तिथे पोहोचण्याच्या पद्धतीत. दिल्लीहून लेहचे विमान दीड तासाच्या आत उतरते, म्हणजे सकाळी दिल्लीत असलेला माणूस दुपारच्या जेवणापूर्वी साडेतीन हजार मीटरवर असतो. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे आणि क्वचित फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचण्यासारखे जिवावरचे संकट या घाईतूनच उद्भवते. लेहमध्ये पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी, असा नियम सर्वत्र सांगितला जातो, पण सात दिवसांची सहल आखणाऱ्यांना नेमके तेच दोन दिवस वाया गेल्यासारखे वाटतात.

या बाबतीत आपल्या भागाला एक वेगळी शिदोरी आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्याने लेह-सियाचेनकडे नोकरी केलेला कोणीतरी काका किंवा मामा बहुतेक गल्ल्यांत सापडतो आणि ‘आमचे मामा तिथे तीन वर्षे होते, काही होत नाही’ असा धीर मिळतो. मामांचे म्हणणे खरे आहे, पण लष्करात जवानाला वर पाठवताना नऊ ते बारा हजार फुटांच्या पहिल्या टप्प्यावरच सहा दिवस थांबवून शरीराला सवय लावली जाते, हे त्यांना विचारल्यास तेही सांगतील. लेह याच पहिल्या टप्प्यात मोडते. पर्यटक मात्र तिसऱ्या दिवशी पाच हजार मीटरहून उंच असलेल्या खारदुंग ला खिंडीत छायाचित्रे काढत असतो.

स्पितीला शिमल्याकडून गेल्यास ही घाई करताच येत नाही. शिमला सुमारे २,२०० मीटर, किन्नौरमधील कल्पा सुमारे २,९५० मीटर, ताबो सुमारे ३,३०० मीटर आणि मग काझा अशी चढण रस्ताच ठरवून देतो. शिमल्यापासून काझापर्यंतचे चारशेहून अधिक किलोमीटर तीन-चार मुक्कामांत कापले, तर शरीर सोबत चढत जाते. वाटेत ताबोचा मठ लागतो, ज्याची स्थापना इ. स. ९९६ मधली आहे आणि ज्याच्या मातीच्या भिंतींवरची चित्रे पाहण्यासाठी एक अख्खा मुक्काम राखून ठेवावा. किन्नौरमध्ये दरडी कोसळतात आणि रस्ता बंद पडतो, हा या वाटेचा मोठा दोष आहे. त्यामुळे ऐन पावसाळ्यात इकडून जाऊ नये. मनालीकडून कुंझुम खिंडीमार्गे (४,५५१ मीटर) जाणारा रस्ता अंतराने निम्मा असला, तरी तो साधारण जून ते ऑक्टोबरपर्यंतच खुला असतो आणि अटल बोगद्यानंतरचा ग्राम्फू ते लोसर हा टप्पा कंबर मोडणारा आहे. शिवाय त्या वाटेने एका दिवसात साडेचार हजार मीटर गाठले जातात, म्हणजे लेहच्या विमानाचा दोष इथेही थोडाफार येतोच. शिमल्याकडून चढावे आणि मनालीकडून उतरावे, हा क्रम सर्वांत शहाणपणाचा.

आता माणसांच्या वर्दळीची तुलना करू. लडाखची लोकसंख्या २०११ मध्ये २,७४,२८९ होती आणि २०२२ या एका वर्षात तिथे पाच लाखांहून अधिक पर्यटक गेले. हे पर्यटक वर्षभर पसरलेले नसतात. ते मे ते सप्टेंबर या काळात आणि लेह, नुब्रा व पँगाँग या ठरावीक मार्गावर एकवटतात. म्हणजे देशातील अत्यंत विरळ वस्तीच्या प्रदेशात जाऊन जूनमध्ये वाहनांच्या रांगेत उभे राहण्याची पाळी येऊ शकते. ज्याला खरोखर निर्जन लडाख पाहायचे आहे, त्याने चांगथांगच्या पठारावर हानलेकडे वळावे. तिथे सुमारे साडेचार हजार मीटरवर खगोलशास्त्रीय वेधशाळा आहे आणि २०२२ साली तो परिसर रात्रीच्या अंधाराच्या संरक्षणासाठी अधिसूचित झाला. (तिथली दोन मीटर व्यासाची दुर्बीण बेंगळूरुजवळच्या होसकोटेहून चालवली जाते, चांगथांगचे आकाश कर्नाटकातील एका खोलीतून पाहिले जाते, ही आपल्या राज्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे.) हानलेला जायचे तर लेहमध्ये काढलेले दोन दिवस पुरत नाहीत, किमान चार-पाच दिवसांची सवय हवी.

स्पितीतही उन्हाळ्यात गर्दी वाढली आहे, पण तिथल्या गावांचे रूप अजून गावाचेच आहे. लांगझा, कोमिक, हिक्किम ही गावे ४,४०० मीटरच्या आसपास किंवा त्याहून वर आहेत. घरे मातीची, चुन्याने रंगवलेली, सपाट छपराची. छपराच्या कडेला सरपण आणि वाळलेल्या शेणी रचून ठेवलेल्या असतात, कारण हिवाळ्यात तेवढ्यावरच बुखारी, म्हणजे घर उबदार ठेवणारी शेगडी, पेटती ठेवायची असते. शेतात जव आणि हिरवा मटार दिसतो, आणि मटार हेच रोख उत्पन्नाचे पीक आहे. मुक्काम घरगुती असतो, शौचालय बहुधा कोरडे असते, म्हणजे पाण्याऐवजी वरून माती टाकायची आणि पुढच्या वर्षी त्याचे खत शेतात जाते. ज्यांना या गोष्टीचा संकोच वाटतो, त्यांनी काझातील हॉटेलात राहून दिवसा वर जाऊन यावे. पाणी कमी असलेल्या गावात रोज अंघोळीचा आग्रह धरणे बरे दिसत नाही.

परवान्यांचा प्रश्न स्पितीत भारतीयांना जवळजवळ नाही. लडाखमध्ये सीमेलगतच्या भागांसाठीचे परवाने आणि शुल्क यांचे नियम अनेकदा बदलले आहेत, तेव्हा निघण्यापूर्वी लेह प्रशासनाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातील प्रीपेड सिमकार्ड चालत नाही, पोस्टपेड चालते. घरी रोज फोन करावा लागणाऱ्यांनी ही व्यवस्था बेळगावातच करून निघावे.

दिबांग: सर्वांत विरळ, सर्वांत अवघड

दिबांग खोरे जिल्ह्यात २०११ मध्ये ८,००४ माणसे होती. बेळगाव तालुक्यातील एखाद्या मोठ्या गावात याहून अधिक लोक राहतात, आणि इथे तेवढी माणसे ९,१२९ चौरस किलोमीटरमध्ये विखुरलेली आहेत. देशातील सर्वांत कमी लोकसंख्येचा जिल्हा तो हाच. जिल्ह्याच्या जवळजवळ निम्म्या भागावर ४,१४९ चौरस किलोमीटरचे दिबांग अभयारण्य आहे.

खानापूरच्या माणसाला हा प्रदेश लडाखपेक्षा लवकर समजेल, असे आम्हाला वाटते. कणकुंबीचा पाऊस, जांबोटीच्या रस्त्यावरचे धुके, पायाला लागणाऱ्या जळवा आणि पावसाळ्यात बाजारापासून तुटणारी वाडी ज्याने पाहिली आहे, त्याला दिबांगमध्ये हेच सारे कितीतरी मोठ्या मापात दिसेल. अनिनी हे जिल्ह्याचे ठिकाण दोन हजार मीटरहून थोडे खाली आहे, त्यामुळे उंचीचा त्रास फारसा नाही. त्रास आहे तो रस्त्याचा. आसाममधील दिब्रुगड किंवा तिनसुकियाहून निघून ९.१५ किलोमीटर लांबीच्या ढोला-सदिया पुलावरून रोइंग गाठावे लागते. २०१७ मध्ये हा पूल होण्यापूर्वी लोहित नदी नावेने ओलांडावी लागे. रोइंगहून अनिनी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण मयुदिया खिंड, धुके आणि दरडी लक्षात घेता पूर्ण दिवस जातो, आणि दरड कोसळली तर दोनही जातात. शेअर सुमो चालतात; स्वतःचे वाहन ठरवल्यास वाटेत थांबता येते, पण खर्च अर्थातच वाढतो.

इथे भारतीय नागरिकालाही इनर लाइन परमिट घ्यावे लागते. १८७३ च्या बंगाल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशनपासून चालत आलेली ही व्यवस्था आहे आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. खोऱ्यात इदू मिश्मी समाज राहतो. वाघ हा माणसाचा मोठा भाऊ, अशी त्यांची श्रद्धा आहे आणि त्यामुळे वाघाची शिकार त्यांच्यात निषिद्ध मानली जाते. भीमगड अभयारण्यातील गवाळी, देगाव, कृष्णापूर या गावांच्या पुनर्वसनाची चर्चा ज्यांनी वर्षानुवर्षे ऐकली आहे, त्यांनी जंगल आणि वस्ती यांच्या नात्याचा हा दुसरा नमुना जरूर पाहावा. तिथला प्रश्नही सोपा नाही, पण माणूस आणि जनावर यांच्यामधली रेघ तिथे वेगळ्या ठिकाणी ओढलेली आहे, एवढे निश्चित.

जेवणाच्या बाबतीत मात्र आधी सांगितलेले बरे. निपाणी-चिकोडीकडील जैन आणि लिंगायत कुटुंबांना दिबांगमध्ये भात, डाळ आणि उकडलेली भाजी यापलीकडे फारसे मिळणार नाही, आणि मांसाहार वेगळ्या चुलीवर शिजलेला असेल याची खात्री कोणी देणार नाही. स्पितीत आणि लडाखमध्ये शाकाहारी माणसाचे निभावते. थुक्पा, मोमो, राजमा-भात सर्वत्र मिळतात.

रण आणि थर

कच्छचा ४६ हा आकडा फसवा आहे. ४५,६७४ चौरस किलोमीटरचा हा जिल्हा देशात सर्वांत मोठा असला, तरी त्यातील माणसे भुज, गांधीधाम, मांडवी अशा ठिकाणी एकवटलेली आहेत आणि उरलेल्या रणात मैलोन्‌मैल कोणी राहत नाही. पावसाळ्यात रणात पाणी साचते, ते आटल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरपासून पांढरा थर दिसू लागतो. धोरडोच्या बाजूला रणोत्सवाच्या काळात गर्दी आणि दर दोन्ही चढे असतात. आमची शिफारस खडीर बेटावरील धोलावीराची आहे. २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेले हे हडप्पाकालीन नगर पाणी साठवण्याच्या हौदांसाठी पाहण्यासारखे आहे, आणि तिथे जाणारा रस्ता दोन्ही बाजूंच्या रणामधून जातो. निर्जन प्रदेशाचा अनुभव घ्यायचा, पण आई-वडिलांना दम लागू द्यायचा नाही, अशा कुटुंबांना याहून चांगली जागा या यादीत नाही. बाजरीचा रोटला, ताक आणि कढी आपल्या तोंडाला परकी वाटत नाही.

जैसलमेरबद्दल थोडक्यातच सांगता येईल. जिल्हा विरळ आहे, पण सहलीच्या कंपन्या ‘सम’ येथील ज्या वाळूच्या टेकड्यांवर नेतात, तिथे संध्याकाळी उंट, जीप आणि ध्वनिवर्धक यांचीच वस्ती असते. किल्ला पाहायचा असेल तर जावे. सोलापूरकडच्या नान्नजला पूर्वी दिसणारा माळढोक पाहण्याची ओढ असेल, तर डेझर्ट नॅशनल पार्कसाठी दोन दिवस राखावेत, अन्यथा कच्छ बरे.

निकोबार यादीतून वगळावे

अंदमान-निकोबारची एकत्रित घनताही कच्छएवढीच, ४६ आहे. सेल्युलर जेल पाहण्यासाठी आपल्याकडची अनेक कुटुंबे जातात आणि त्यांनी जरूर जावे. परंतु विरळ वस्तीचा खरा भाग म्हणजे निकोबार आणि तो आदिवासींच्या संरक्षणासाठी राखीव आहे. १९५६ च्या नियमांनुसार तिथे जाण्यास विशेष परवाना लागतो आणि निव्वळ पर्यटनासाठी तो सहसा मिळत नाही. उत्तर सेंटिनल बेटाजवळ जाणे हा तर गुन्हाच आहे. एजंट काहीही सांगो, त्याच्या बोलण्यावर पैसे भरू नयेत. ग्रेट निकोबारवर १९६९ पासून माजी सैनिकांची कुटुंबे वसवण्यात आली आणि त्यांत महाराष्ट्रातीलही होती. त्यांच्यापैकी कोणी नातेवाईक असेल, तर गोष्ट वेगळी.

सुटी, शेती आणि गाड्या

आपल्या भागातील माणसाला प्रदेश निवडण्याआधी महिना निवडावा लागतो. कर्नाटकातील शाळांना मोठी सुटी दसऱ्याला असते, तर निपाणीपलीकडे कागल-कोल्हापूरच्या शाळांना दिवाळीला. दोन्हींकडे मुले असलेल्या एकत्र कुटुंबांची इथेच पंचाईत होते. दसऱ्याची सुटी स्पितीला चांगली जुळते, कारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर मध्य हा तिथला सर्वांत स्वच्छ काळ आहे, मात्र रात्री पारा शून्याखाली जाऊ लागलेला असतो. दिवाळीची सुटी दिबांगला आणि त्यानंतरचे दिवस कच्छला योग्य. मे महिन्यात जायचे असेल तर शिमल्याकडून स्पिती शक्य आहे. लेहही उघडलेले असते. कच्छ आणि जैसलमेर मात्र मे महिन्यात मनातही आणू नये.

शेतकऱ्यांचा हिशेब वेगळा आहे. खानापूरच्या भातकऱ्याला गणपती विसर्जनापासून भातकापणीपर्यंतच काय ती उसंत मिळते आणि ती स्पितीच्या हंगामात नेमकी बसते. चिकोडी-निपाणीकडील ऊस उत्पादकाला नोव्हेंबरपासून तोडणी आणि कारखान्याची पाळी यांतून हलता येत नाही, त्यामुळे कच्छचा हंगाम त्याच्या हातून जवळजवळ सुटतोच. अशांनी सप्टेंबरमध्ये लेह किंवा स्पिती यांपैकी एक ठरवावे.

प्रवासाच्या सोयीत कच्छ सर्वांत पुढे आहे, कारण बेंगळूरु-गांधीधाम साप्ताहिक गाडी बेळगाववरून जाते. जोधपूरची गाडीही याच मार्गाने धावते. स्पिती आणि लडाखसाठी वास्कोहून निघणारी गोवा एक्स्प्रेस बेळगावातून दोन रात्रींत हजरत निजामुद्दीनला पोहोचवते. विमानाने जायचे असल्यास सांबरा, हुबळी आणि गोवा या तिन्ही विमानतळांवरील दिल्लीच्या दरांची तुलना करावी. दिबांगला इकडून थेट काही नाही. बेंगळूरु किंवा कोलकाता गाठून दिब्रुगडचे विमान घ्यावे लागते, आणि म्हणूनच खर्चात दिबांग सर्वांत महाग पडते; लेह त्याखालोखाल, स्पिती एसटीसारख्या हिमाचल परिवहनच्या बसने केल्यास बरेच स्वस्त. किन्नौरमधील रेकाँग पिओहून काझाला ही बस जाते आणि एकट्या तरुणाला तिच्याइतकी चांगली सोबत मिळणार नाही.

कोणी काय निवडावे

आठ दिवसांपेक्षा कमी रजा असलेल्यांनी हिमालयातील तिन्ही ठिकाणांचा विचार सोडून कच्छला जावे. हृदयविकार, दमा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्या व्यक्ती सोबत असतील, तरीही हेच. लेहचा आग्रह असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे, आणि उंचीच्या त्रासावरची गोळी घेऊन विश्रांतीचे दिवस वाचतात हा समज ठेवू नये. बारा-चौदा दिवस हाताशी असलेल्या आणि पहिल्यांदाच एवढ्या उंचीवर जाणाऱ्या बहुतेकांसाठी आमची पसंती स्पितीला आहे: लेहइतकीच उंची, त्याहून सावकाश चढण, कमी परवाने, कमी खर्च आणि गावात राहण्याची सोय. लडाख ज्याने एकदा केले आहे, त्याने दुसऱ्यांदा फक्त हानले आणि चांगथांगसाठी जावे.

दिबांग हे वेळ असलेल्याचे काम आहे. अनिनीहून परतीच्या दिवसाला लागूनच दिब्रुगडचे विमान ठरवू नये; मध्ये किमान दोन दिवस मोकळे ठेवावेत. रस्ता चालू राहिला तर ते दिवस रोइंगच्या आसपास आणि मेहाओ तलावाकडे सहज जातात, आणि दरड कोसळलीच तर तिकिटाचे पैसे वाचतात.